चौक भिंतीवर, नाव कागदावर: वारली लग्नचित्र काढणाऱ्या बायकांचं प्रकरण

भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराने काही वर्षांच्या अंतराने दोन ठिकाणी कोरा कागद नेला. पहिल्यांदा 1966-67च्या दुष्काळात, अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून, बिहारमधल्या मिथिलेत. दुसऱ्यांदा 1970च्या दशकाच्या सुरुवातीला, डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यांवर. दोन्हीकडे लग्नघरातली भिंत रंगवायचा मान बायकांचा होता. मिथिलेतून जगदंबा देवी (पद्मश्री 1975), सीता देवी (1981), गंगा देवी (1984) ही बायकांची नावं देशभर गेली. वारली पाड्यांवरून जे नाव जगापुढे आलं ते मात्र एका पुरुषाचं होतं: गंजाडचे जिव्या सोमा मशे. त्यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री मिळाली.

मशे यांची थोरवी वादातीत आहे. जाळं फेकणारा मासेमार, वारुळावरची मुंग्यांची धावपळ, सळसळणारं शेत, असा हलता जिवंतपणा त्यांनी पांढऱ्या रेषेतून उभा केला, तो त्यांच्याआधी कोणी कागदावर आणला नव्हता. प्रश्न त्यांच्या आधीच्या हातांचा आहे. ज्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या देवचौक (लग्नात घराच्या भिंतीवर काढायचं चौकटीतलं देवाचं चित्र) काढला त्यांची नावं कुठल्या पाटीवर का नाहीत? माणूस तोच, कागदही तोच, तरी दोन ठिकाणी दोन निकाल लागले. म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. याचं उत्तर ‘समाज असाच असतो’ एवढ्यावर सोडून देता येत नाही. ते चौक कसा काढतात, तिथपासून शोधावं लागतं.

चौक काढणं म्हणजे नेमकं काय

वारली घराची भिंत म्हणजे कूड. कारवीच्या काठ्या किंवा बांबू उभे-आडवे बांधायचे आणि दोन्ही बाजूंनी शेण-मातीने लिंपायचे. लिंपणात भाताचा भुसा घातला नाही तर सुकताना भिंतीला भेगा पडतात, आणि पुढे रेषा नेमकी त्या भेगेवर तुटते. लिंपण पूर्ण सुकलं की गेरूचा हात. गेरू एका दिशेने आणि पातळ फिरवावा लागतो, कारण जाड थराची पूड होते आणि काडी टेकवली की रेषेत तांबडं मिसळतं.

पांढरा रंग तांदळाचा. तांदूळ चार-पाच तास भिजवून बारीक वाटायचे आणि पाण्यात सारखे करायचे. चार फूट बाय चार फुटांच्या चौकाला दोन-तीन मुठी तांदूळ पुरतात. रंग ताकासारखा पातळ झाला तर ओघळतो, आणि घट्ट झाला तर सुकल्यावर पापुद्रे सुटतात. त्यात थोडा डिंक घातला तर तो भिंतीला धरून राहतो. वाटण सकाळचं असेल तर संध्याकाळपर्यंत संपवायचं, कारण उन्हाळ्यात ते आंबतं आणि त्याची रेष सुकल्यावर पिवळट दिसते. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली. बारीक रेषेला एक आणि ठिपक्यांना एक अशा दोन काड्या हाताशी असल्या की काम अडत नाही.

हे सामान झालं. चौक यानंतर सुरू होतो. तो लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या भिंतीवर सुवासिनी काढतात, आणि त्या वेळी धवलेरी गात असते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. वारल्यांच्या लग्नातला हा मान बाईचा आहे, हे पुष्कळ शहरी वाचकांना ठाऊक नसतं. तिच्या गाण्याशिवाय चौक पुरा होत नाही आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. आधी चौकट उभी राहते. मग तिच्या चारही बाजूंना नक्षीचे पट्टे येतात: साखळी, नागमोडी, त्रिकोणांच्या रांगा. मधल्या जागेत पालघट देवी, सृजनाची आणि हिरवाईची. आसपास फणी, शिडी, सूर्य, चंद्र. शेजारच्या लहान चौकटीत पंचशिऱ्या देव. चौकाबाहेर मात्र मोकळीक असते. झाडं, नाच, शिकार, शेती, जनावरं यांत कोणी काय काढावं याचा दंडक तितका कडक नसतो.

आत नियम, बाहेर मोकळीक. चौकाच्या या रचनेतच पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज आहे.

कागद आला तेव्हा काय गळून पडलं

कोऱ्या कागदासमोर एक माणूस बसतो. चौकासमोर चार-पाच बायका असतात, आणि त्यांतली एक गात असते. कागदाला निमित्त लागत नाही. चौकाला लग्न लागतं. कागद विकत घेणाऱ्याला खाली एक सही हवी असते, आणि चौकावर सही कुठे करायची, हा प्रश्नच कधी कोणाला पडला नव्हता. त्यामुळे कागदावर जे सहज उतरलं ते चौकाबाहेरचं चित्र होतं: शेत, नाच, शिकार, गोष्टी. चौकटीच्या आतलं चित्र, म्हणजे ज्यात बायकांची सत्ता होती ते, एकट्याने, विनाकारण आणि विकण्यासाठी काढायचं नव्हतंच. बायकांनी हात आखडता घेतला तो लाजेपोटी, असं नेहमी सांगितलं जातं. लाज असेलही. पण पालघट बाजाराला काढायची नाही ही श्रद्धाही असते, आणि तिला लाज म्हणणं हा त्या बायकांवर अन्यायच आहे.

सामानही बदललं, आणि त्याचाही परिणाम झाला. तांदळाचा रंग कागदावर सुकला की आक्रसतो आणि गुंडाळी केली की गळतो. पुढे जाडसर तपकिरी कागद, नंतर शेण सारवलेलं कापड आणि त्यावर डबीतला पांढरा रंग अशी वाट निघाली. कापडाची कृती सोपी वाटते, पण बरीच बिघडते. कोरं मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ काढावी लागते, नाहीतर शेणाचे डाग-डाग पडतात. ताजं शेण पाण्यात कालवून फडक्यातून दोनदा गाळायचं आणि त्यात डिंकाचं दाट पाणी घालायचं. दोन पातळ हात द्यायचे, पहिला सावलीत पूर्ण सुकल्यावरच दुसरा. उन्हात वाळवलं तर कापड ताठरतं आणि घडी पडते तिथे रंग सुटतो. आता यातला खर्च पाहा. मांजरपाट, रंग, कुंचला, चौकट, सगळं तालुक्याच्या बाजारातून पैसे देऊन आणायचं. भिंतीचं सामान घरातलं होतं, शेण, माती, तांदूळ, बांबू, आणि ते बाईच्या ताब्यात होतं. कागदाचं सामान ज्याच्या हाती रोख पैसा त्याच्या ताब्यात गेलं. शेतमजुरी करणाऱ्या घरात रोख पैसा सहसा बाईच्या हाती नसतो.

तिसरी गोष्ट प्रवासाची. चित्र विकायला दिल्ली-मुंबई गाठायची, प्रदर्शनात आठ-दहा दिवस बसायचं. लावणीच्या दिवसांत, अंगावर मूल असताना, घरची चूल सोडून कोण जाणार? जो गेला त्याची ओळख झाली. ज्याची ओळख झाली त्याला पुढचं बोलावणं आलं.

मिथिलेत काय वेगळं होतं

मिथिलेतल्या घरांतली चित्रं 1934च्या भूकंपानंतर बाहेरच्यांच्या नजरेस पडली. मधुबनीचे तेव्हाचे अधिकारी विल्यम आर्चर यांना पडक्या घरांच्या आतल्या भिंती दिसल्या. तिथली मुख्य जागा कोहबर घर, म्हणजे नवरा-नवरीची खोली. तिथेही कमळ आणि बांबू काढतात ते बायकाच.

पण तीन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, कागद तिथल्या बायकांना अगदीच परका नव्हता. लग्नात सिंदूर गुंडाळून पाठवायच्या कागदावर कोहबराची आकृती काढायची रीत होती. दोन, कोहबराची मुख्य रेषा बहुधा एक जाणती बाई आखते आणि बाकीच्या भरतात. त्यामुळे ‘हे अमकीचं कोहबर’ असं गावात आधीपासून म्हटलं जायचं. नाव आधीच होतं, ते फक्त कागदाखाली यायचं होतं. तीन, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: कागद वाटण्याचा हेतूच दुष्काळात बायकांच्या हाती उत्पन्न यावं हा होता. ज्यांना कागद मिळाला त्या बायकाच होत्या आणि चित्रं खरेदी झाली ती त्यांच्याकडून. योजनेचा लाभार्थी म्हणून बाईचं नाव लिहिलं गेलं, म्हणून कलावंत म्हणूनही तेच लिहिलं गेलं. डहाणूत दुष्काळ-निवारणाची अशी चौकट नव्हती. तिथे एका कलावंताचा शोध लागला, आणि तो कलावंत पुरुष होता.

मिथिलेत सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. सुरुवातीचा कागद ब्राह्मण आणि कायस्थ घरांतच गेला. दुसाध समाजाच्या बायकांनी पुढे गोंदणाच्या आकृत्यांवरून आपली गोदना शैली घडवली, आणि चानो देवींचं नाव तिच्याशी जोडलं गेलं. मल्लाह समाजाच्या दुलारी देवी रांटी गावात चित्रकर्तीच्या घरी घरकाम करत शिकल्या. त्यांना पद्मश्री मिळाली ती 2021 साली, म्हणजे जगदंबा देवींनंतर 46 वर्षांनी. बाई म्हणून नाव मिळालं तरी जात आड येते, हे त्या 46 वर्षांवरून दिसतं.

1989 साली पॅरिसच्या पोंपिदू केंद्रात ‘मॅजिसियाँ द ला तेर’ हे मोठं प्रदर्शन भरलं. त्यात मिथिलेच्या बउआ देवी होत्या आणि वारली चित्रांचे जिव्या सोमा मशेही होते. दोघांच्या चित्रांमागे बायकांनी राखलेली भिंत होती. तिथे बाईचं नाव पोचलं ते एकाच भिंतीमागचं.

आजच्या गौरवात होणाऱ्या चुका

महिला दिनाला, महोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘वारली चौक थेट काढून दाखवा’ असं बोलावणं आता सर्रास जातं. हेतू चांगला असतो. पण बहुतेक कार्यक्रम पुन्हा तीच चूक करतात, आणि ती टाळता येण्यासारखी असते.

पहिली चूक वेळेची. रंगमंचावर दोन तासांत चौक हवा असतो. नक्षीच्या पट्ट्यांसकट मध्यम आकाराच्या चौकाला चार हातांनी अर्धा-पाऊण दिवस धरावा. घाई केली की बायका पट्टे गाळतात आणि पाहुण्यांना उघडीबोडकी चौकट दिसते.

दुसरी चूक भिंतीची. प्लायवूडवर तांबडा तेलरंग मारून भिंत तयार केली जाते. तेलरंगावर तांदळाचं पाणी थेंब-थेंब होऊन सरकतं, आणि मग कोणीतरी धावत जाऊन डबीतला पांढरा रंग आणतं. त्याऐवजी लाकडी चौकटीत बांबूच्या तट्ट्या ठोकून घ्याव्यात. भुसा घातलेलं शेण-मातीचं लिंपण दोन हात, प्रत्येक हात साधारण बोटाच्या पाव जाडीचा. मध्ये किमान दोन दिवस सुकू द्यावं, पावसाळ्यात चार-पाच. मग गेरू. हे काम कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी सुरू झालं पाहिजे, आणि लिंपणाऱ्या बाईलाही वेगळं मानधन हवं. लिंपण हीच अर्धी कला आहे.

तिसरी चूक गाण्याची, आणि ही मनाला सगळ्यांत जास्त लागते. धवलेरीला ‘पार्श्वसंगीत’ म्हणून कोपऱ्यात बसवतात किंवा बोलावतच नाहीत. भाषण सुरू झालं की तिला थांबायला सांगतात. तिचं गाणं म्हणजे चौकाचा क्रम आहे. आधी काय येतं आणि नंतर काय, हे गाण्यात असतं. ती थांबली की काड्याही थांबायला हव्यात. त्यामुळे भाषणं चौकाआधी उरकून घ्यावीत. पालघट काढायची की नाही, हे आयोजकांनी ठरवायचं नाही. लग्नाशिवाय ती काढणार नाही असं धवलेरी म्हणाली, तर पट्ट्यांसह रिकामी चौकट आणि बाहेरची चित्रं एवढंच घ्यावं, आणि मध्य रिकामा का आहे ते पाटीवर मानाने लिहावं.

चौथी चूक पैशांची. चार सुवासिनी, एक धवलेरी आणि एक लिंपणारी म्हणजे सहा मानधनं. प्रत्यक्षात एक धनादेश निघतो, बहुधा त्यांना घेऊन आलेल्या पुरुषाच्या नावे. सहा जणींच्या बँक खात्यांचे तपशील आधीच घ्यावेत आणि आधार, खातं आणि आयोजकांची यादी या तिन्हींतलं नाव एकच आहे ना, ते तपासावं. सासरचं आडनाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर असं असलं की रक्कम परत येते. मग वेळ वाचवायला ती पुन्हा दुसऱ्याच्याच खात्यात टाकली जाते.

पाटी मात्र निगुतीने लिहावी. ‘पारंपरिक वारली कला’ या तीन शब्दांत सहा जणी नाहीशा होतात. पहिल्या ओळीत चित्राचा प्रकार: देवचौक, लग्नचौक की चौकाबाहेरचं चित्र. दुसऱ्या ओळीत धवलेरीचं नाव, ‘गाणं आणि क्रम’ असं लिहून. तिसऱ्या ओळीत चौक काढणाऱ्या सगळ्या जणी. ‘आणि सहकारी’ हा शब्द वापरू नये. मग लिंपण करणारी, आणि शेवटी पाडा, गाव, तालुका. नाव कसं लिहायचं ते प्रत्येकीला विचारावं. कुणाला नवऱ्याचं नाव मध्ये हवं असतं, कुणाला नको असतं. सही येत नसेल तर अंगठ्याऐवजी तिने तिची एखादी नक्षी काढून द्यावी. साखळीचे दोन वेढे किंवा फणी, काहीही. तीच पुढे तिच्या चित्रांवर खूण म्हणून चालते.

कायद्यात काय आहे

वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मिथिलेच्या चित्रांना, म्हणजे मधुबनी चित्रकलेला, ते 2007 साली मिळालं होतं. मानांकनाने कलेचं आणि प्रदेशाचं नाव राखलं जातं. एकेका बाईचं नाव त्यातून आपोआप राखलं जात नाही. 1999च्या भौगोलिक मानांकन कायद्यात कलाकाराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंदणी करता येते. हा अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो. घरातल्या पुरुषाची नोंदणी झाली म्हणजे बाईची झाली, असं नसतं. वेगळा अर्ज हवा. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून मिळणारं ‘पहचान’ ओळखपत्रही तिच्याच नावाने काढावं. हस्तकला योजना आणि मेळ्यांच्या अर्जात ते लागतं.

त्याहून कमी वापरला जाणारा आधार म्हणजे 1957चा कॉपीराइट कायदा. ज्या कामात अनेकांचा वाटा वेगळा काढता येत नाही त्याला संयुक्त निर्मिती म्हणतात, आणि चार जणींनी मिळून काढलेलं नवं चित्र या व्याख्येत बसतं. तिच्या कॉपीराइटची मुदत शेवटच्या कलाकर्तीच्या मृत्यूनंतर 60 वर्षे मोजली जाते. त्यामुळे चारही नावं पहिल्या दिवशी लिहून ठेवणं ही पुढच्या पिढीची मिळकत आहे. कलम 57 प्रमाणे चित्र विकलं, हक्क विकले, तरी ‘हे माझं आहे’ म्हणण्याचा अधिकार कलाकर्तीकडेच राहतो. धवलेरीला कलाकार-सादरकर्ती म्हणून वेगळे हक्क आहेत. तिचं गाणं तिच्या संमतीशिवाय ध्वनिमुद्रित करता येत नाही. ही संमती लेखी घ्यावी, मराठीत वाचून दाखवावी आणि कुठे वापरणार हे त्यात लिहावं: फक्त संग्रहासाठी, की जाहिरातीतही.

भिंतीचं पुढे काय करायचं, हे करारात हमखास राहून जातं. दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात गंगा देवींनी रंगवलेलं कोहबर घर होतं. त्या 1991 साली वारल्या, आणि 2015 साली नूतनीकरणात ते चित्र नष्ट झालं. त्याआधी दहा वर्षे, 2005 साली, दिल्ली उच्च न्यायालयाने अमरनाथ सहगल यांच्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात कलाकृती नष्ट करणं हा कलम 57चा भंग असल्याचं मान्य करून सरकारला 5 लाख रुपये भरपाई द्यायला लावली होती. म्हणजे आधार हाताशी होता. चौकासाठी करार करताना म्हणून एक कलम वेगळं लिहावं: ही भिंत किती दिवस राहील, ती हलवायची किंवा पुसायची झाली तर किती दिवस आधी कळवायचं, कळवायचं ते धवलेरीला की सहाही जणींना, आणि पुसायची वेळ आली तर ती पुसण्याआधी काही विधी करायचा आहे का. हा शेवटचा प्रश्न धवलेरीलाच विचारावा. ती सांगेल तो दिवस धरूनच हॉलचं भाडं भरावं.